मुकादमाच्या घरून

भाजे,
१७ नोव्हेंबर २०२४

अहो,

जयभीम.

जूनपासून तुमचा फोन बंद लागतो. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला खात्यावर येतात, त्यामुळे माणूस हातीपायी धड आहे असं धरून चालले आहे. बँक सोडली तर तुमची खुशाली आम्हाला दुसरं कोणी कळवत नाही. म्हणून हा कागद. पत्ता तुमच्या जुन्या व्हिसाच्या झेरॉक्सवरून उतरवला. लोणावळ्याच्या पोस्टातला माणूस म्हणाला, "आखातात हल्ली पत्र कोण पाठवतं?" मी म्हटलं, जिचा नवरा फोन उचलत नाही ती पाठवते. त्याने शिक्का मारला.

आईंचा गुडघा तसाच आहे. मानसी दहावीला आहे, क्लासला कामशेतला जाते. मी अजून लोणावळ्यालाच, बंगल्यांच्या चादरी-टॉवेल धुवायच्या लाँड्रीत. सोमवारी शनिवार-रविवारचा ढीग येऊन पडतो. भुशीकडच्या बंगल्यांतले लोक चादरींवर काय काय सांडतात ते लिहीत नाही. तुम्ही विचारलं नाहीत, तरी घरचं सांगून टाकलं. आता मुद्द्यावर येते.

तुम्ही मावळातून सळईच्या कामाला नेलेली टोळी जूनमध्ये परत आली. सहाच्या सहा जण, प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी. तुमच्या डोळ्यांसमोरून गेले, तेव्हा तुम्हाला हे नवीन नाही. मला मात्र गावाने काही सांगितलं नाही. मी पाण्यावर गेले की बाया बोलणं थांबवायच्या, एवढंच कळत होतं. मागच्या रविवारी लोहगडवाडीचे बहिरू भाऊ घरी आले. हल्ली ते गडाच्या पायथ्याला भावाच्या टपरीवर सरबत विकतात. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

म्हणाले, "वैनी, आट म्हैन्याची मजुरी ऱ्हायलीया. मुकादम म्हनायचं, कंपनीचा पैसा अडकलाय, एकदम मिळंल. आमी वाट बघितली. मंग कंपनीनं व्हिसा बी संपू दिला. दुसरीकडं कामाला जायची सोय न्हाई, कँपाच्या भाईर पडलं की पोलीस. तितल्या एका संस्थेनं तिकिटं काढून दिली, तवा आलो."

मी विचारलं, मुकादमांना शेवटी काही विचारलं नाही का?

"इचारलं. ते जेवत व्हते. जेवन झाल्यावर सांगतो म्हनले."

मग दाव्याचं सांगितलं आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

तिकडून निघण्याआधी सहाही जणांनी संस्थेच्या वकिलाला सह्या दिल्या आणि तिथल्या कामगार कोर्टात दावा लावला. २१ जानेवारीला तारीख आहे. तुम्ही तिथेच आहात. कोर्टात उभं राहून "यांना मजुरी मिळाली नाही" एवढं एक वाक्य बोलायचं आहे. टोळी तुम्ही नेलीत. ते वाक्य दुसऱ्या कोणी बोलून भागणार नाही.

रुपाली


भाजे,
८ डिसेंबर २०२४

अहो,

पत्र मिळाल्याचं मानसीने मोबाईलवर काढून दाखवलं. खाली घेणाऱ्याची सही होती. तुमचा 'स' अजून तसाच आहे, शेपूट लांबवलेला. तो बघून मला बरं वाटलं, हे खरं आहे. उत्तर आलं नाही, हेही खरं.

बुधवारी वडगावला गेले होते. परदेशातून फसून आलेल्या कामगारांच्या केसेस बघणारी एक संस्था तिथे आहे, आणि तिथे प्रतीक्षा मॅडम म्हणून वकील आहेत. तिकडच्या वकिलाचे कागद त्यांच्याकडे येतात. त्यांनी मला बोलावलं कारण मी मुकादमाची बायको. सहाही जण बाकावर ओळीने बसले होते. मला बघून त्यांच्यातला निलेश उठला आणि जागा दिली. तुमच्या नावावर मला अजून जागा मिळते.

कंपनीने कोर्टात बँकेचे उतारे लावलेत. आठही महिने प्रत्येकाच्या खात्यात पगार जमा झाला आहे. आणि त्याच संध्याकाळी, कँपच्या गेटवरच्या मशीनमधून, एकामागून एक सहाही खात्यांतला काढला गेला आहे. कंपनी म्हणते, आम्ही दिला, यांनी काढला, आता परत मागायला आलेत.

प्रतीक्षा मॅडमनी विचारलं, "मग काढला कोणी? कार्डं कोणाकडे होती?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. निलेश म्हणाला, "मुकादमाकडं. कार्डं मुकादमाकडंच असत्यात की."

"आणि पिन नंबर?"

"त्यो बी त्येंनाच म्हाईत. त्येंनीच टाकला. समद्यांचा येकच हाय, त्येंच्या जल्माचं साल. बँकेचे मेसेज बी त्येंच्याच मोबाईलवर यायचे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सहा शहाणीसुरती माणसं आपलं कार्ड, आपला नंबर आणि बँकेचे मेसेजसुद्धा दुसऱ्याच्या हवाली का करतील, हे तिथल्या न्यायाधीशाला कसं समजवायचं, असं त्या म्हणाल्या. तेव्हा मीच सांगितलं. आमच्याकडे ठेकेदार मजुराच्या हातात पैसे देत नाही, मुकादमाच्या हातात देतो. मुकादम बाजारच्या दिवशी वाटतो. कोणाच्या घरी आजारपण असलं तर त्याला आधी देतो, कोण दारूत घालवतो ते बघून त्याचे त्याच्या बायकोला देतो. बाया नवऱ्याला विचारत नाहीत, मुकादमाला विचारतात. टोळी विमानात बसून परदेशी गेली तरी टोळीच राहिली. ती कार्डं तुमच्याकडे ठेवायला बायांनीच सांगितलं होतं, तुम्हाला आठवत असेल. बहिरू भाऊंची गंगी माझ्याकडे निरोप घेऊन आली होती, "ह्येंच्या हातात टिकत न्हाईत, मुकादमाला म्हनावं तुमच्यापाशीच ठेवा." तो निरोप मी तुम्हाला दिला होता.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आता सगळं तुमच्या मिस्टरांवर आहे. त्यांनी सांगितलं पैसे काढून कुठे दिले, तर केस उभी राहते. नाहीतर नाही."

काल गंगी आली होती. तिला आत बोलावलं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला आपण वरची खोली बांधली ना, तिथे आम्ही बसलो, खाली आईंना झोप लागली होती म्हणून. ती सगळा वेळ जमिनीवर हात फिरवत होती. जाताना म्हणाली, "फरशी गुळगुळीत हाय." ती फरशी कोणत्या महिन्यात बसवली ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. सहा घरांत जेव्हा काही येत नव्हतं, तेव्हा आपल्याकडे गवंडी जेवायला बसत होता.

तुम्ही उत्तर द्या.

रुपाली


भाजे,
२९ डिसेंबर २०२४

अहो,

आता स्पष्टच लिहिते. मला ठाऊक आहे पैसे कुठे गेले ते.

गवंड्याला हप्ता द्यायचा होता तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, तुमचा पगार झाला का. तुम्ही आवाजाचा मेसेज पाठवला होता. तो माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. तुम्ही म्हणता, "आज परत सगळ्यांचे काढले नि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवले. माझे मला सुटलेत, तू काळजी करू नको. पोरांना बोलू नको." तेव्हा मला वाटलं, साहेब पैसे वाटत असेल तुमच्या तिकडच्या पद्धतीने. पोरांना बोलू नको म्हणजे टोळीतल्या पोरांना तुमच्या पगाराचा आकडा बोलू नको, असा मी अर्थ घेतला. आपल्या माणसाचं बोलणं कोणी वकिलासारखं ऐकत नाही.

परवा मुद्दाम प्रतीक्षा मॅडमना विचारलं, नाव न घेता. एखाद्या कंपनीने पगार खात्यात दाखवायचा आणि रोख परत घ्यायचा, असं असतं का? त्या म्हणाल्या, असतं. खात्यात पगार जमा झालेला दिसला नाही तर तिथलं सरकार कंपनीला नवे व्हिसा देत नाही. म्हणून जमा दाखवतात आणि कोणाला तरी हाताशी धरून काढून घेतात.

मग मी विचारलं, ज्याला हाताशी धरलं त्याचं काय होतं?

त्या म्हणाल्या, "तो स्वतःच्या पायांनी कोर्टात आला, साहेबाने दम देऊन करून घेतलं म्हणाला, तर तो साक्षीदार. त्याच्याबद्दल दुसऱ्या कोणी आधी सांगितलं, तर तो भागीदार." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बाई हुशार आहे. पुढे काही विचारलं नाही.

मी मेसेज कोणाला ऐकवलेला नाही. मानसीलाही नाही, आईंनाही नाही. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तारखेपर्यंत तुम्हाला साक्षीदार व्हायला वेळ आहे, एवढं कळावं म्हणून लिहिते.

त्या सहा जणांवर काय आलंय तेही ऐका. बहिरू भाऊंनी तिकडे जायला डोंगरालगतचं भाताचं खाचर गहाण टाकलंय. मार्चपर्यंत सोडवलं नाही तर ते जाईल. तिथे बंगला बांधायला पुण्याचा माणूस टपूनच बसलाय. तो झाला की त्याच्या चादरी बहुतेक आमच्याच लाँड्रीत येतील.

रुपाली


भाजे,
१२ जानेवारी २०२५

अहो,

शुक्रवारी तुमचा फोन आला. मी लाँड्रीत होते, मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नसेल असं तुम्हाला वाटत असेल. आलं. जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून मी असं बोललो नाही, तसं बोललो असं व्हायला नको.

तुम्ही विचारलंत, "बरी हायस ना?" मी हो म्हणायच्या आत विचारलंत, "त्यो मेसेज अजून हाय का?"

मी म्हटलं आहे.

"पुसून टाक. घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, कोर्टात जाणार का?

"तुला हितलं काय म्हाईत न्हाई. साहेब म्हनला, काढून आनून दे, न्हाईतर तुजाबी पगार बंद. पुढच्या म्हैन्यात देतो म्हनला. मी बी वाट बघत ऱ्हायलो. घराचं काम काढलेलं. मी कुनासाटी केलं सगळं?"

ते खरं आहे. तुम्ही ते पैसे खिशात घातले नाहीत, हे मी कोणाहीसमोर सांगेन. तुम्ही पहिल्या महिन्यात भ्यालात, दुसऱ्या महिन्यात साहेबाच्या शब्दावर राहिलात, आणि तिसऱ्यापासून आता सांगायचं तरी कसं म्हणून गप्प बसलात. तुमच्यासोबत संसार केलाय, एवढं मला कळतं. पण आठ महिने त्यांच्याच पंगतीला बसून जेवलात. ते मला गिळवत नाही.

मी परत विचारलं, जाणार का. तुम्ही म्हणालात, "बघतो." तुमचं बघतो मला ठाऊक आहे. पत्रा गळत होता तेव्हा पाच पावसाळे तुम्ही बघत होतात.

रात्री आईंना सगळं सांगितलं. त्या गुडघा चोळत म्हणाल्या, "त्यो तुजा नवरा हाय. दुसऱ्यांच्या नवऱ्यांपायी त्येला आत घालतीस व्हय?"

त्यांचा मुलगा आहे, त्या तसं म्हणणारच. मलाही भीती वाटते. तुम्ही अडकलात तर पैसे थांबतील, मानसीची अकरावी तोंडावर आहे, गावात काय म्हणतील ते वेगळंच. नवऱ्याने केलं ते केलं, बायकोने उघडं पाडलं, असं म्हणतील. आणि मला तुम्ही हवे आहात. राग आहे म्हणून ते संपत नाही. संपलं असतं तर सोपं झालं असतं.

मेसेज पुसलेला नाही. अजून नऊ दिवस आहेत. कृपा करा आणि जा.

रुपाली


भाजे,
२२ जानेवारी २०२५

अहो,

काल आम्ही सगळे वडगावला बसून होतो. तिकडून वकिलाचा फोन आला, मुकादम आलेला नाही. कोर्टाने एक आठवडा दिला आणि पुरावा असेल तर आणा म्हणून सांगितलं.

आज सकाळी जाऊन मी मेसेज दिला.

प्रतीक्षा मॅडमनी आधी एकटीने ऐकला. मग म्हणाल्या, आवाज मुकादमाचाच आहे असं टोळीने लिहून द्यावं लागेल, तर त्यांनाही ऐकवावा लागेल. मी म्हटलं, माझ्यासमोर ऐकवा. पाठीमागे नको. टेबलावर मोबाईल ठेवला आणि तुम्ही बोलायला लागलात. सहाही जण मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं आता कोणी शिव्या घालेल. त्याची तयारी करूनच गेले होते.

संपल्यावर बहिरू भाऊ म्हणाले, "लय दिसांनी आवाज ऐकला. तब्येत बरी वाटती मुकादमाची."

मी तिथून उठून बाहेर आले. व्हरांड्यात रडले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईंनी माझ्या हातचं जेवण बंद केलंय. स्वतःची भाकरी स्वतः थापतात, उभं राहवत नाही तरी.

हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लगेच लिहिलं. मी दिला. कोणी माझ्याकडून काढून घेतला नाही.

रुपाली


भाजे,
६ एप्रिल २०२५

अहो,

तुमच्या कँपच्या पत्त्यावर हे पोचेल का ठाऊक नाही. प्रतीक्षा मॅडम म्हणाल्या, तुम्हाला अजून तिथेच ठेवलंय, पासपोर्ट कोर्टात जमा आहे आणि व्हिसा संपलाय. म्हणजे काम करता येत नाही आणि घरीही येता येत नाही. बहिरू भाऊंनी त्यांचं जे सांगितलं होतं, ते आता तुमचं झालंय.

इकडचं सांगते. मेसेज कोर्टात लागल्यावर कंपनीने पंधरवड्यातच तडजोड मागितली. नवे व्हिसा थांबले असते, त्याला ते भ्याले. पुरते आठ महिन्यांचे नाही, सहा महिन्यांचे देतो म्हणाले. मॅडमनी सहाही जणांना नीट विचारलं, भांडत राहायचं की घ्यायचं. त्यांनी घेतले. मागच्या आठवड्यात ज्याचे त्याच्या इथल्या खात्यावर जमा झाले. बहिरू भाऊंचं खाचर सुटलं. मार्च उलटून गेला होता, पण सावकाराने चार दिवस दम धरला. टेबलावर पैसे घेणारा तो साहेब त्याच्या देशात पळून गेला. राहिलात तुम्ही. खटला आता तुमच्यावर चालेल. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं.

तुमचे पैसे फेब्रुवारीपासून बंद आहेत. मी लाँड्रीत दोन पाळ्या करते. वरची खोली पाहुण्यांना देते. मानसीचे पेपर बरे गेले. ती तुमच्याबद्दल विचारत नाही, पण तुमचा जुना शर्ट घालून अभ्यासाला बसायची.

काल संध्याकाळी सहाही जण घरी आले. ह्या वेळी आत आले, वरच्या खोलीत नाही, खालीच आईंच्या खाटेसमोर बसले. बहिरू भाऊंनी पिशवीतून पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

मी विचारलं हे काय.

"मुकादमाचा वाटा. शेकडा धा. टोळीची मजुरी सुटली की मुकादमाचा वाटा पयला काढायचा असतो."

तुम्हीच घालून दिलेली रीत. पण ही मजुरी तुम्ही मिळवून दिली नव्हती. ती तुमच्यामुळे बुडाली होती. मी ते बोलून दाखवलं. माझा आवाज चढला असावा, कारण मानसी दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, हे पैसे ह्या घरात मला नकोत, उचला.

निलेश म्हणाला, "वैनी, आमाला बी राग हाय. समोर आले तर मी दोन देनार हाय त्येंना. पर वाटा त्यो वाटा."

बहिरू भाऊ म्हणाले, "तितं येकट्या मान्साचे हाल आमी बघितल्यात. घ्या."

मग आई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून चुलीपर्यंत गेल्या आणि सहा जणांसाठी चहा टाकला. सातवा कप माझ्या हातात दिला. जानेवारीपासून पहिल्यांदा.

पैसे मी घेतले. आज सकाळी प्रतीक्षा मॅडमना फोन करून तिकडे तुमच्यासाठी वकील लावला. तो तुम्हाला भेटायला येईल. त्याच्यापासून काही लपवू नका, आणि बघतो म्हणू नका. त्याची फी तुमच्या टोळीने भरली आहे.

रुपाली